पितळेची माशी

फोन आला तेव्हा मी मारेगावजवळच्या एका शेतात, बांधाच्या दगडापाशी उभा होतो. मी भूकरमापक आहे, म्हणजे लोक ज्याला मोजणीवाला म्हणतात तो. दोन्ही बाजूंचे खातेदार समोरासमोर उभे होते, दगड खरा की सरकवलेला यावर त्यांची जुंपली होती. सोमवार होता, अकराला आठ मिनिटं कमी. फोनवर कमलवहिनी होत्या, उत्तमभाऊंच्या पत्नी. "भाऊजी, गेले हो..." एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "किती वाजता?" अशा वेळी हे विचारायचं नसतं हे मला कळतं, पण तोंडातून तेच निघालं. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, मोजणीच्या नकाशांच्या मधे, घडी न घालता ठेवलेला एक टार्गेटचा कागद होता. त्यावर रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांची पाच छिद्रं होती. तो मी त्या संध्याकाळी यवतमाळला परत जाऊन उत्तमभाऊंना दाखवणार होतो. कागद आदल्या दिवशी सकाळी साडेनऊलाच तयार झाला होता.

उत्तमराव भगत याच मारेगाव तालुक्यातले. लष्करात चोवीस वर्षं हत्यारांचे कारागीर होते. जवानांच्या रायफली, पिस्तुलं दुरुस्त करायची, नेम लावून द्यायचा, हे काम. निवृत्त होऊन आल्यावर यवतमाळमधल्या एका परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात कामाला बसले. मी त्यांना भेटलो तो मात्र मोजणीमुळेच. शहराबाहेर मुरमाच्या टेकडीच्या पायथ्याशी नेमबाजांची एक छोटी रेंज आहे. तिची हद्द मोजायला मला बोलावलं होतं. काम झाल्यावर सवयीने मी फीत चुन्याच्या रेघेवर धरली आणि म्हटलं, तुमची ही पंधरा मीटरची रेघ चौदा मीटर साठ सेंटिमीटरवर आहे. बाकीचे हसले. एक गहूवर्णी, ताठ माणूस तेवढा हसला नाही. तो फावडं घेऊन आला, जुनी रेघ पुसली आणि म्हणाला, "धरा साहेब फीत. चाळीस सेंटिमीटरचं खोटं आमी सात वर्षांपासून बोलून राह्यलो होतो." त्या दिवसापासून मी त्यांचा मोजणीसाहेब झालो. पुढे रेंजचा सभासद झालो आणि तिथली नोंदवहीही माझ्याकडे आली. कोणी, किती मीटरवरून, किती गोळ्या, आणि छिद्रांची सरासरी मधल्या बिंदूपासून किती वर-खाली, एवढं मी लिहायचो. रविवारी सकाळी आठ ते दहा.

उत्तमभाऊंचं एक वाक्य होतं, लष्करातून आणलेलं: "हथियार झूठ नहीं बोलता, हाथ बोलता है." दुकानात रानडुकरांनी हैराण झालेले शेतकरी परवान्याची बंदूक घेऊन यायचे. एकदा मी बसलेलो असताना एक जण म्हणाला, बंदूक वर मारते, हिची माशी नीट करा. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा. उत्तमभाऊंनी बंदूक हातातही घेतली नाही. म्हणाले, "तुह्या बंदुकीले काई झालं नाही. डुक्कर दिसला का तूच डोकं वर काढते, पडला का नाही पाहाले. आधी गोळी जाऊ दे, मंग पाह्य!" तो माणूस ओशाळून हसला. मागाहून त्यांनी मला समजावलं. माशी घासून कमी केली तर गोळी वर जाते, माशी वाढवली तर खाली येते. लोकांना उलटं वाटतं. गोळी वर जाते म्हणून माशी घासतात आणि बंदुकीचा सत्यानाश करतात. "म्हनून आधी हत्यार दुसऱ्याच्या हाती द्याचं. त्याची बी वर गेली, तर हत्यार. त्याची बरोबर गेली, तर तू." हा नियम मी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. तो अजून तिथे आहे.

त्यांचं स्वतःचं एक बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर होतं, निवृत्तीनंतर परवान्यावर घेतलेलं. ते कधी कशासाठी वापरायची वेळ आली नाही. रविवारी पंधरा मीटरवरून पाच गोळ्या, मग घरी जाऊन साफसफाई, हाच त्याचा उपयोग. आणि त्यांच्या पाचही गोळ्या चहाच्या बशीखाली झाकता येतील इतक्या जवळ पडायच्या. मधल्या बिंदूपासून एक सेंटिमीटर वर, कधी अर्धा खाली. मला त्यांचं पान लिहिताना कंटाळा यायचा, इतकं ते सारखं असायचं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते पान बदलायला लागलं. तीन सेंटिमीटर वर. पुढच्या रविवारी चार. मग सहा. थंडी सरता सरता दहा. छिद्रं पांगलेली नव्हती. तशीच एकमेकांजवळ, तशीच नीटस, फक्त सगळी मिळून वर. उत्तमभाऊंनी रिव्हॉल्व्हर उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "कातड्याच्या म्यानात घासून घासून माशी झिजली." पटण्यासारखं होतं. माशी झिजली की गोळी वर जाते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. हिशेब मीच केला. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात बारा सेंटिमीटर अंतर, टार्गेट पंधराशे सेंटिमीटरवर. म्हणजे तिथले दहा सेंटिमीटर खाली आणायचे तर माशीवर शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर चढवायला हवेत. नखाएवढंही नाही. त्यांनी दुकानात पितळेची एक चकती घासून तेवढ्याच मापाची केली आणि माशीच्या डोक्यावर झाळून बसवली. ती बसवताना त्यांच्या हातून दोनदा पडली. मी खाली बसून शोधून दिली. म्हणाले, "डोये गेले आता." मीही डोळेच समजलो.

त्या रविवारी पाचही गोळ्या मधोमध पडल्या. अर्धा सेंटिमीटर वर. रेंजवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग उत्तमभाऊंनी रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरलं. "मारा साहेब तुमी पाच." मी मारल्या. पाचही खाली, मोजल्यावर नऊ सेंटिमीटर. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी म्हणालो, "माझा हात खाली जातो, भाऊ." त्यांनी रिव्हॉल्व्हर परत घेतलं आणि म्हणाले, "हाव, चाप झटक्यानं ओढता तुमी." मग आम्ही तर्री-पोहे खायला गेलो.

दुपारी घरी नोंदवही उतरवताना मला मागचं एक पान आठवलं. आदल्या वर्षी एकदा मी त्याच रिव्हॉल्व्हरने पाच गोळ्या मारल्या होत्या. पान काढलं. एक सेंटिमीटर वर. आता नऊ खाली. फरक दहा. बरोबर तेवढाच, जेवढा आम्ही माशी वाढवून खाली आणला होता. म्हणजे माशी झिजलेलीच नव्हती. रिव्हॉल्व्हर जसं होतं तसंच होतं... आणि त्या माणसाच्या गोळ्या दहा सेंटिमीटर वर जात होत्या. माझ्या हातात पहिल्या पानावरचा नियम होता आणि त्याच्याखाली दोन आकडे. ते पुन्हा पुन्हा वजा केले तरी उत्तर बदलत नव्हतं. माझी बायको सुनंदा म्हणाली, "काय झालं? जमीन कमी भरली का कोणाची?" मी तिला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मंग सांगून द्या न त्याईले." मी म्हटलं, पाच गोळ्यांवरून काय ठरतं, माझा हात काही पक्का नाही. हे खोटं नव्हतं. पण जो माणूस जन्मभर दुसऱ्यांना "तुझा हात" म्हणत आला, त्याला तेच मी सांगायचं, ही हिंमत माझ्यात नव्हती, हे जास्त खरं होतं. बांधाचा दगड दीड फूट सरकलाय हे मी दोन भांडखोर भावांच्या तोंडावर सांगू शकतो. हे सांगता येईना.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते मलाच माहीत. ते नेम धरून उभे राहिले की मी टार्गेटकडे न बघता त्यांच्या मुठीकडे बघायचो. काही दिसायचं नाही. मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. स्कूटरची किल्ली ते डाव्या हाताने फिरवू लागले. पाण्याच्या बाटलीचं झाकण "साहेब, घट्ट बसलं" म्हणून माझ्याकडे द्यायचे, आणि ते घट्ट नसायचं. शर्टाची वरची गुंडी उघडी राहू लागली. मी प्रत्येक गोष्टीला मनात एक साधं कारण शोधत होतो. वय, ऊन, दुकानातलं काम... आणि गोळ्या पुन्हा चढू लागल्या. दोन, चार, सात. ते म्हणाले, "पितळ नरम असते. झिजली वाटते पुन्हा." या वेळी मात्र माझ्याकडे माप होतं. चकती बसवली त्या दिवशी मी व्हर्नियर कॅलिपरने माशीची पूर्ण उंची मोजून लिहिली होती. पुन्हा मोजली. दशांशाचाही फरक नाही. सुनंदा त्या सकाळी म्हणाली होती, "आज सांगून आलात तरच घरात पाय ठेवा. तुमी काहून एवढे भेता? आकडा तर तुमचा आहे."

मी नोंदवही त्यांच्यापुढे उघडली. "भाऊ, माशी झिजली नाही." "मंग?" "पहिल्या वेळीही झिजली नव्हती." मी दोन्ही पानं दाखवली, माझं आदल्या वर्षीचं आणि चकतीच्या दिवसाचं. ते बराच वेळ वाचत राहिले, जणू पानभर मजकूर होता. मग सिमेंटच्या बाकावर बसले आणि उजवा हात डाव्या काखेत धरला.

"मोजणीसाहेब, त्या दिवशी मी तुमच्या हाती हत्यार काहून देल्लं होतं?"

"तपासायला."

"हत्यार तपासाले मले तुमी लागता का? चोवीस वर्षं मी काय गवत कापून राह्यलो होतो?" आवाज चढला नव्हता. "मले शंका होती. दुसऱ्या कोनाले देल्लं असतं तर तो गोड बोलला असता. म्हटलं, हा मानूस अर्धा सेंटिमीटर सोडत नाही, हा खरं सांगंन. अन् तुमी मले काय सांगता... माहा हात खाली जाते म्हनून!" आणि ते हसले. मला हसता आलं नाही. त्या रविवारपासून या रविवारपर्यंत सोळा आठवडे झाले होते. ते मी तिथेच, बोटांवर न मोजता, सांगू शकलो असतो.

मूठ सैल पडत होती. गोळी सुटताना नळी उचलते, ती मुठीने दाबून धरायची असते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ढिलं पडलं की नळी जास्त उचलते आणि गोळी वर जाते. हे त्यांनीच मला नंतर नागपूरच्या रस्त्यावर, बसमध्ये समजावलं, स्वतःची मूठ दाखवून, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी. नागपूरच्या डॉक्टरांनी आठवडाभर तपासण्या केल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा आजार होता. आधी हात, मग पाय, मग गिळणं आणि श्वास. मी डॉक्टरांना विचारलं, सोळा आठवडे आधी आलो असतो तर? ते म्हणाले, फारसा फरक पडला नसता. मी म्हणालो, फारसा म्हणजे किती? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि उत्तमभाऊंना विचारलं, "हे तुमचे कोण?" उत्तमभाऊ म्हणाले, "हे माहे मोजणीसाहेब आहेत. ह्याईले आकडा द्या काहीतरी, नाहीतर जेवत नाही हे." डॉक्टरांनी आकडा दिला नाही. तो आजवर मला कोणी दिलेला नाही.

पुढचं दीड वर्ष मी इथे क्रमाने लिहिणार नाही. दुकान सुटलं, स्कूटर सुटली, चमचा कमलवहिनींच्या हातात गेला. मी दर सोमवारी संध्याकाळी जायचो, कारण रविवारचे आकडे त्यांना हवे असायचे. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून मी वाचायचो, ते मधेच "त्याची कोपर वाकते, सांग त्याले" असं काही म्हणायचे. मला ते आता कधीकधी अरे-तुरे करायचे. बोलणं जड होत गेलं तसे शब्द कमी झाले. मी मात्र दर सोमवारी पायरी चढताना आधी आतला खोकला ऐकू येतो का, याचा कानोसा घ्यायचो. ऐकू आला की मग चपला काढायचो.

शेवटच्या महिन्यात एका सोमवारी त्यांनी वहिनींना बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. एकेक शब्द थांबून. "ते पितळ... काढा." मला आधी कळलं नाही. त्यांनी डोळ्यांनी कपाटाकडे दाखवलं. "माह्या मागं... हत्यार दुसऱ्याच्या हाती जाईन. त्याची गोळी खाली जाईन. तो म्हनंन... हत्यार खोटं." जरा दम घेतला. "खोटं हत्यार... ठेवून नाही जाचं मले." माझ्या मनात आलं, कोण घेणार, कोण मारणार, आता याची काय घाई. पण त्यांच्या सैल हातासाठी त्यांनी एक खरं हत्यार खोटं केलं होतं, आणि ते मी होऊ दिलं होतं. त्यांना ते परत खरं झालेलं बघायचं होतं. "मारून पाहा," ते म्हणाले. "अन् किती... ते सांगा."

वहिनींनी रीतसर रिव्हॉल्व्हर दुकानात दुरुस्तीला जमा केलं. उत्तमभाऊंचे तिथले सोबती गफूरभाई यांनी झाळ गरम करून पितळ सोडवलं, माशी साफ केली. दुकानाच्याच परवान्यावर गफूरभाई ते घेऊन रविवारी माझ्यासोबत रेंजवर आले. पंधरा मीटर. फीत लावून. पहिली गोळी मारायच्या आधी मी रिव्हॉल्व्हर खाली ठेवून पाणी प्यायलो. गफूरभाई म्हणाले, "आराम से, साब. वो देख थोडी रहे हैं." ते बघत आहेत असंच मला वाटत होतं. पाच मारल्या. सरासरी सव्वा सेंटिमीटर वर. माझ्या जुन्या पानाच्या जवळजवळ तिथेच. साडेनऊ वाजले होते. मी तेव्हाच फोन करू शकलो असतो. पण मला वाटलं, कागदच हातात द्यावा, छिद्रं त्यांनी स्वतः बघावीत... उद्या सोमवार आहेच.

अंत्ययात्रेनंतर, सगळे पांगल्यावर, मी तो कागद कमलवहिनींपुढे धरला. त्या म्हणाल्या, "लागलं का बरोबर?" मी म्हणालो, "सव्वा सेंटिमीटर वर." "सव्वा कायले? बरोबर लागलं म्हना न भाऊजी. आता कोन मोजते?" "बरोबरच आहे ते, वहिनी. पण सव्वा आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, मी पुन्हा चुकलो. मग त्या म्हणाल्या, "रविवारी दिवस कलताना विचारत होते ते. 'किती?' म्हने. मले समजलंच नाही काय किती. मी म्हटलं, पाच वाजले. त्याईनं मान हालवली, नाही म्हनून. पुन्हा म्हने, किती..." माझ्याकडे तो आकडा सकाळपासून होता.

सोळा आठवडे आणि एक दिवस. लोक सांत्वन करतात, म्हणतात याने काही बदललं नसतं. बदललं नसतंच कदाचित. पण त्यांनी स्वतःसाठी मला दोनच वेळा आकडा विचारला, आणि दोन्ही वेळा तो माझ्याकडे असून मी वेळेवर दिला नाही. हे वाचणाऱ्यांत त्यांना ओळखणारे असतील, त्यांनाही हे कळावं म्हणून लिहिलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात वहिनी आणि मी दुकानातून ते रिव्हॉल्व्हर घेऊन पोलीस ठाण्यात रीतसर जमा करायला गेलो. हवालदाराने नंबर उतरवला, नळी बघितली, आणि सवयीने एक डोळा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. "हत्यार चांगलं ठेवलं हो," तो म्हणाला. "काही दोष-बिष?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "नाही. पंधरा मीटरवर सव्वा सेंटिमीटर वर मारतं." तो हसला आणि त्याने 'सुस्थितीत' असं लिहिलं.

पितळेची ती चकती गफूरभाईंनी मला कागदात बांधून दिली होती, "ये आप का हिसाब." ती मी व्हर्नियरच्या डबीत ठेवली आहे. काही मोजायला डबी उघडली की आधी तीच हातात येते. मग तीच आधी मोजतो. शून्य पूर्णांक आठ. आतापर्यंत दर वेळी तेवढीच भरली आहे. गेल्या रविवारी रेंजच्या पिस्तुलाने माझ्या गोळ्या दोन सेंटिमीटर वर गेल्या. मी ते लिहिलं, पिस्तूल शेजारच्या सभासदाच्या हातात दिलं आणि म्हटलं, पाच मारा, आणि खरं सांगा. त्याच्या एक सेंटिमीटर वर गेल्या. घरी येऊन मी पुन्हा चकती मोजली. पितळ म्यानात नाही, हवेत नाही, बंद डबीत आहे, ते झिजणार नाही. ज्या दिवशी तिचा आकडा बदलेल, त्या दिवशी मी व्हर्नियरला दोष देणार नाही. हात बघेन, आणि सुनंदाला तेव्हाच्या तेव्हा सांगेन.